बोटीमागून येणारं पिल्लू

उत्तर ध्रुवाकडचा समुद्र, बोटीवरून
९ जून २०२५

स्वप्नाली,

पाकीट बघून आधी घाबरली असशील. आपल्या घरी टपालानं फक्त वीजबिल आणि लग्नपत्रिका येतात. पण मी ठणठणीत आहे. बोटीवर चढतानाच सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि कप्तानानं कपाटात कुलूप लावून ठेवले. यंत्रांना त्रास होतो म्हणे. आता सप्टेंबर संपेपर्यंत हे असंच चालायचं. अधूनमधून एक छोटी बोट भाजी-धान्य घेऊन येते, ती आमची पत्रं बंदरावर नेते. लग्नाआधी तुला एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही म्हणून टोमणे मारायचीस ना, घे आता.

काम म्हणशील तर केजात बोअरच्या मशीनवर करत होतो तेच. पंप, कॉम्प्रेसर, पाइप, नटबोल्ट. तिथं पाणी लागतंय का म्हणून लोक माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे, इथं जिकडं मान वळवावी तिकडं पाणीच. अजीजला सांग, त्याच्या गॅरेजात शिकलेलं सगळं कामाला येतंय. जेवायला भात आणि तू दिलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी जपून खातो, डबा उशाशी घेऊन झोपतो.

झोपतो म्हणजे पडतो. इथं रात्रच होत नाही. सूर्य पाण्यापर्यंत खाली येतो, टेकल्यासारखं करतो आणि पुन्हा वर जातो. आकाश दुधात हळद घातल्यागत पिवळं राहतं. जागा आहे की झोपेत आहे, माझं मलाच समजत नाही. कधी वाटतं, आत्ता हाक मारली तर तू चहा घेऊन येशील.

आणि परवा देवमासा बघितला. आधी नुसता श्वास ऐकू आला. एवढा मोठा, सावकाश श्वास, जणू कुणी जुनं माणूस दुपारची झोप काढून उठलंय. मग पाण्याचा फवारा, आणि मग पाठ. ती पाठ पाण्यातून येतच राहिली, येतच राहिली. मी रेलिंग धरून उभाच. तू हवी होतीस, एवढंच वाटलं.

अप्पांनी विचारलं तर सांग, मालवाहू बोट आहे, गोठवलेला माल नेते. आईला सांग, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा न चुकता करतो. तुझी शिलाई कशी चाललीय? सविस्तर लिही.

तुझा
रुद्रेश


केज
२ जुलै २०२५

अहो,

पोस्टमननं गल्लीत शिरतानाच परदेशाचं पत्र म्हणून ओरड केली, त्यामुळे तुमच्या पत्राची खबर माझ्याआधी सगळ्या गल्लीला लागली. अप्पांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. चटणीचा डबा उशाशी घेऊन झोपता हे वाचताना माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा जरा.

इथं ऊन अजून हटत नाही. जून कोरडाच गेला. शिवणयंत्रावर फार वेळ बसवत नाही, म्हणून कामं थोडी कमी घेतलीत. आईंनी तर मला हातात बादलीसुद्धा धरायची बंदी केलीय. जरा उठले की लगेच, "कावून उठलीस गं? बस म्हणलं ना. लई वाकायचं न्हाई." सकाळी काही जात नाही पोटात, आणि दुपारी कच्च्या चिंचेची आठवण येते. अजीजभाऊंच्या बायकोनं, बीबीजानआपांनी, बरणीभर चिंच पाठवली, ती मी दोन दिवसांत संपवली.

दुपारी डोळा लागतो. लग्न झाल्यापासून मी कधी दुपारची झोपले होते का? आता बसल्या जागी झोप येते आणि त्या झोपेत तुमचा देवमासा येतो. परवा बघितलं, तो धनेगावच्या धरणात आलाय. पाणी जेमतेम, त्याची अर्धी पाठ उघडी. आपल्या आसपासच्या सगळ्या बाया पदर खोचून त्याला काथ्यानं घासतायत, म्हशीला घासावं तसं. मला म्हणतात, हिच्यासाठी ब्लाऊज शीव. म्हणजे ती देवमाशीण होती! मी टेप घेऊन तिच्या भोवती फिरतेय आणि टेप काही पुरेना. तिनं डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला. मी जागी झाले तर टेप खरंच हातात होती.

हसू नका. ती मादी होती हे मला कसं कळलं, सांगता येत नाही. पण होती.

तुमच्या बोटीचं नाव आणि रंग लिहा. नुसती बोट म्हटलं तर मनात काही उभं राहत नाही.

तुमची
स्वप्नाली


उत्तर ध्रुवाकडचा समुद्र
२५ जुलै २०२५

स्वप्नाली,

तुझं पत्र कितीदा वाचलं ते विचारू नकोस. कागदाला घड्यांवर चिरा पडल्यात.

तुझी कंबर दुखत असणार. यंत्रावर वाकून बसतेस ना, मी नेहमी सांगायचो, खुर्ची उंच कर. तिळाचं तेल कोमट करून लाव. आणि पोट बिघडलं असेल तर चिंच बंद कर आधी. बरणीभर चिंच खाल्ल्यावर सकाळी जेवण जाणार कसं? बीबीजानआपांनाही माझ्याकडून सांग, हिचे लाड करू नका.

बोट काळी आहे, वरचा भाग पांढरा, आणि धुरांड्यावर दोन लाल पट्टे. नाव त्यांच्या भाषेतलं आहे, मला नीट उच्चारता येत नाही.

मला आता खालून वर, बोटीच्या शेपटाकडं काम दिलंय. तिथं माल वर ओढायचं मोठं यंत्र आहे, विंच म्हणतात. तारेचा दोरखंड, दांडा पुढं केला की ओढतो, मागं केला की थांबतो. बिघडलं होतं, मी दुरुस्त केलं, तर म्हणाले आता तूच चालव. शाबासकी मिळाली. शाबासकीचं एवढं काही वाटलं नाही.

इथं एक वास आहे तो साबणानं जात नाही. म्हणून हल्ली पूजा राहून जाते. हात स्वच्छ वाटत नाहीत, अशा हातावर लिंग घेऊ कसं? आईला हे वाचून दाखवू नकोस.

देवमाशांचं मात्र तुला सांगायचंय. माझी झोपायची जागा पाण्याच्या पातळीखाली आहे. भिंतीला कान लावला की त्यांचा आवाज येतो. आवाज म्हणजे कानाला कमी आणि छातीला जास्त. लांबून कुणी हाक मारावी, आणि त्याहून लांबून कुणी ओ द्यावी. मी तसाच कान लावून पडून राहतो. मग एखाद्या दिवशी हाक येते आणि ओ येत नाही. हाक मात्र येत राहते.

धनेगावच्या धरणातली ती पुन्हा आली तर तिला सांग, तिकडंच थांब.

तुझा
रुद्रेश


केज
१८ ऑगस्ट २०२५

अहो,

तुमचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात अजीजभाऊ घरी आले. आई-अप्पा देवळात गेले होते. दारातच म्हणाले, "भाभी, तुमी बसून बघा. उभ्यानं बघू नगा." आणि मोबाईल पुढं केला.

काळी बोट, वर पांढरी, धुरांड्यावर दोन लाल पट्टे. मागून एक लहान बोट चाललीय, त्यातून कुणीतरी चित्रण करतंय. खाली इंग्रजी येत होतं ते अजीजभाऊंच्या लेकीनं, शाईस्तानं मला समजावून सांगितलं. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून धंद्यासाठी देवमासे मारायला चाळीस वर्षांपूर्वी बंदी घातली, दोन-तीन देश ती मानत नाहीत, आणि ही बोट त्यातल्याच एकाची. लहान बोटीवरची माणसं पाठलाग करून पुरावे गोळा करतात. बोटीच्या शेपटाकडं मोठी उतरण. तिच्यावरून तारेनं एक देवमासा वर येत होता. येतच राहिला, येतच राहिला. तुम्ही लिहिलं होतं तसाच.

यंत्रापाशी पिवळी टोपी घातलेला माणूस होता. तोंड दिसलं नाही. पण तो वाकला तेव्हा गळ्यातला दोरा बाहेर आला. निळा. पांढरं रीळ संपलं होतं म्हणून तुमचं लिंग मी निळ्या दोऱ्यात ओवून दिलं होतं. निळा दोरा जगात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असेल, असं मी मनाला खूप सांगून बघितलं.

आता माझं ऐका. माझी कंबर दुखत नाही. माझं पोटही बिघडलेलं नाही. मला दिवस गेलेत. पाचवा सरला, डिसेंबरातली तारीख दिलीय. तुम्ही विमानासाठी मुंबईला निघालात त्याच आठवड्यात मला कळलं. मागच्या वेळी तुम्ही स्टँडपासून गॅरेजपर्यंत पेढे वाटले होते आणि चौथ्यात सगळं गेलं. मग पेढा खाल्लेलं प्रत्येक माणूस मला रस्त्यात भेटून विचारायचं. म्हणून ठरवलं, या वेळी पोट दिसल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. तुम्हालाही नाही. आईंनी आणि बीबीजानआपांनी आपणहूनच ओळखलं.

मागच्या वेळी आईंनी तुम्हाला काय बजावलं होतं, आठवतंय? बायको पोटुशी असली की नवऱ्यानं जीव घ्यायचा नाही. मुंगी नाही, सरडा नाही. उंदराचा पिंजरासुद्धा लावू दिला नव्हता त्यांनी. उंदरांनी माझ्या गिऱ्हाइकाचं लुगडं कुरतडलं तरी तुम्ही हात बांधून बसलात. मी तुमची किती चेष्टा केली होती. मी सांगितलं असतं तर तुम्ही त्या यंत्राला हात लावला नसता, हे मला ठाऊक आहे. आपण दोघांनीही झाकून ठेवलं आणि मधल्या मधे ते जीव गेले.

हे असलं खरं असतं का? मला वाटत नाही. आणि वाटतं पण. रोज दुपारी पोटावर हात ठेवून हललं का बघते. व्हिडिओचं घरात मी अजून कुणाला बोलले नाही. मला फक्त एक सांगा. ते यंत्र तुमच्या हातानं चालतं का?

स्वप्नाली


उत्तर ध्रुवाकडचा समुद्र
२० ऑगस्ट २०२५

स्वप्नाली,

रसदीची बोट कधी येईल ठाऊक नाही, तरी लिहून ठेवतोय. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ही मालवाहू बोट नाही. मलाही इथं येईपर्यंत कळलं नव्हतं. एजंटानं मासळीची बोट सांगितली होती, आपल्या शाकाहारी घरात तेवढंही चाललं नसतं म्हणून मी मालवाहू म्हणालो. इथं येऊन बघितलं तर हे देवमासे मारतात. पुढच्या टोकाला तोफ आहे, तिच्यातून भाला सुटतो, भाल्याला स्फोटक असतं. मागं मी आहे. मोबाईल का काढून घेतले ते आता तुला कळलं असेल.

काल एक मादी मारली. मी विंचपाशी उभा होतो म्हणून मला दिसलं, तिच्या कुशीला एक पिल्लू होतं. इथलाच नियम आहे की पिल्लू सोबत असलेल्या आईला मारायचं नाही. मी ओरडलो. मला वाटतं मी मराठीत ओरडलो. पुढं कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

तिला वर ओढलं. लाकडी फळ्यांवर ती आडवी झाली आणि तिच्या पोटाखालून दूध वाहायला लागलं. घट्ट, पांढरं. फळ्यांच्या फटींतून माझ्या बुटापर्यंत आलं. मी पाय कुठं ठेवू मला समजेना. दुधावर पाय द्यायचा नाही असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, आणि तिथं दुधाशिवाय जागाच नव्हती.

पिल्लू बोटीमागून येत राहिलं. धुकं होतं. समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं आणि त्या पांढऱ्यात त्याची लहानशी पाठ वर यायची, श्वास घ्यायची, बुडायची. आम्ही वेग वाढवला. ते तरीही येत होतं. मग एकदा पाठ वर आली नाही, नाहीतर धुकं दाट झालं असेल. मी अजून मागंच बघतोय असं मला झोपेत वाटतं.

आईला काय तोंड दाखवू? तुला काय दाखवू?

रुद्रेश


बंदरावरून
१४ सप्टेंबर २०२५

स्वप्नाली,

मोबाईल परत मिळाला, पण काल फोनवर आपण पाऊसपाणी आणि जेवणखाण सोडून काही बोललो नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तुला आत्ताच मिळेल. उत्तरही असंच लिहून दे, सवय लागलीय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. माझ्या हातानं. तुझं पत्र ज्या दिवशी मिळालं त्या दिवसापासून मात्र नाही. मी वरच्या साहेबाला जाऊन सांगितलं, माझी बायको गरोदर आहे, मला विंच चालवता येणार नाही. त्यानं मला मिठी मारली. सगळ्यांना बोलावलं. स्वयंपाक्यानं केक केला, खलाशांनी गाणं म्हटलं, आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून मला पुन्हा दांड्यापाशी उभं केलं. त्यांना काही उमगलंच नव्हतं. मी हात खिशात घातले आणि तसाच उभा राहिलो. ओरडले, पगार कापतो म्हणाले. शेवटी मला भांडी घासायला पाठवलं. स्वप्नाली, मी बाप होणार हे मला भांडी घासताना नीट समजलं. ताटांवर डोकं टेकून रडलो.

मग त्या लहान बोटीवाल्यांच्या संघटनेनं इथल्या कोर्टात अर्ज केला आणि आम्हाला बंदरावर परत यावं लागलं. कप्तानाच्या नोंदीत त्या मादीपुढं लिहिलंय, एकटी होती. पुढच्या वर्षीचा परवाना त्यावरच ठरणार आहे. पिल्लू असताना आईला मारलं हे शाबीत झालं, तर परवाना मिळणं अवघड. चित्रण करणारे त्या दिवशी धुक्यात मागं पडले होते. त्यांची वकीलबाई मला भेटली. म्हणाली, पाहिलेलं सांगणारा कुणी पुढं येत नाही, सगळी इथलीच माणसं, त्यांची घरं यावरच चालतात. तिनं मला आग्रह केला नाही.

सुनावणी डिसेंबरात आहे. समोर उभं राहून सांगावं लागेल. एकदा घरी आलो तर पुन्हा व्हिसा मिळेल याची खात्री कुणी देत नाही. आणि कंपनीनं तर माझं विमानाचं तिकीटच काढून ठेवलंय, परवाचं. इतक्या प्रेमानं मला कुणी कधी घरी पाठवलं नव्हतं.

मला यायचंय. मागच्या वेळी तू दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली होतीस, उठायलाच तयार नव्हतीस, ते मला आठवतं. या वेळी तू एकटी असू नयेस. तू ये म्हणालीस तर परवा विमानात बसतो आणि मनात काही ठेवत नाही. तू सांगशील तसं.

तुझा
रुद्रेश


केज
१५ सप्टेंबर २०२५

अहो,

पहिल्यांदा वाचून मी लगेच लिहायला घेतलं होतं, "या". लिहिलंही. खरं तेच आहे, म्हणून सांगते. मला भीती वाटते. दुपारी ते हललं नाही की मी गुळाचा खडा खाऊन कुशीवर वळते आणि वाट बघते. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई सगळं नीट आहे म्हणतात, मी मान हलवते आणि रिक्षात बसून रडते. तुम्ही जवळ असावं असं मला इतकं वाटतं की लाज वाटावी.

पण ते पाठवायच्या आधी आज सकाळी आईंना तुमच्या दोन्ही पत्रांतलं सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला नाही, नुसतं सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या. विळी बाजूला सारली. मला वाटलं आता आकांत करतील, शुद्धीकरण सांगतील, स्वामींना बोलवा म्हणतील. चिरलेला कांदा ताटात गोळा केला. अप्पा दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाल्या, "त्या लेकराला आता दूध कोण पाजतंय गं?"

मी विळी ओढून राहिलेला कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळानं उठून त्यांनी अंगणात पाण्याचा सडा घातला, सकाळीच घातला होता तरी. तुम्ही कधी येणार असं त्यांनी मला अजून विचारलेलं नाही. त्यांनाही तेच वाटत असणार, पण तोंडातून काढत नाहीत.

माझ्याजवळ आई आहेत. बीबीजानआपा आत्ताच उशा-पांघरुणं मोजायला लागल्यात. अजीजभाऊ म्हणतात गाडीत डिझेल भरून ठेवतो, तुमी कवाबी हाक मारा. शाईस्ता दवाखान्यात थांबायला तयार आहे. एवढी माणसं माझ्याभोवती आहेत की कधी कधी श्वास घ्यायला गच्चीवर जावं लागतं. त्या देवमाशिणीजवळ एका पिल्लाशिवाय कुणीच नव्हतं. आणि ती कशी गेली हे सांगायला अख्ख्या जगात एकटे तुम्ही आहात. तुम्ही आत्ता आलात तर माझ्या उशाशी बसाल, मला फार बरं वाटेल, आणि कोर्टाच्या कागदावर ती कायमची एकटी होऊन जाईल.

ते तिकीट परत करा. थंडी वाढेल, स्वेटर विकत घ्या, माझ्या विणकामाची वाट बघू नका. त्या वकीलबाईंना सांगा, माझा नवरा घाबरला की भराभर बोलतो, त्याला पाणी द्या आणि सावकाश विचारा. सगळं सांगा. दूध सांगा. तुम्ही दांडा पुढं केलात तेही सांगा, ते लपवू नका.

मला चिडायचं असेल तेव्हा मी चिडेन, डिसेंबरात तर नक्कीच, कळा यायला लागल्या की तुमच्या नावानं ओरडणार आहे. ते तुम्ही मनावर घेऊ नका. आपलं लेकरू मोठं होऊन मला विचारेल की मी जन्मले, जन्मलो, जे काही असेल ते, तेव्हा बाबा कुठं होते. तेव्हा मला त्याच्याकडं बघून खरं काय ते सांगता येईल.

तुमची
स्वप्नाली